मी रुसलेलो नाही

मराठी लग्नात माणूस जरा वेळ एकटा बसला की तो रुसलेला असतो. दुसरं कारण आपल्याकडे ग्राह्य धरत नाहीत. आहेरात काही कमी पडलं असेल, टोपी दिली पण नारळ विसरला असेल, धाकट्या जावयाचा फोटो आधी निघाला असेल. काहीतरी झालंच असणार, असं धरून शिष्टमंडळ निघतं. त्यात एक आत्या, स्वतः वधूपिता, कोणत्या बाजूचे ते शेवटपर्यंत न कळणारे एक गृहस्थ आणि मागून डोळ्यांवर झोत टाकत व्हिडिओवाला.

"काय चुकलं आमचं?" वधूपिता हात जोडतात.

"काही नाही हो, जरा आवाज..."

"आवाज? कुणी चढवला तुमच्यावर आवाज?"

इथून पुढे दोन घराण्यांची चौकशी सुरू होते. मला मात्र खरोखरच फक्त आवाज लागलेला असतो.

मंगल कार्यालय बांधणाऱ्यांचा एकच ध्यास असावा, की आत शिरलेला आवाज बाहेर जाता कामा नये. खाली गुळगुळीत फरशी, बाजूला काचा, वर पीओपीचं छत. पडदा किंवा सतरंजी, म्हणजे थोडाफार आवाज पिऊन टाकेल अशी वस्तू, औषधालाही नाही. त्यात सनईची रेकॉर्ड. सनईवर मंगलाष्टका, त्याही माइक ओठांना लावून म्हणणाऱ्या मावशींच्या. खाली चारशे माणसं एकमेकांना "ओळखलंस का?" विचारतायत. दारात शिंपडलेलं गुलाबपाणी, आतून येणारा मसालेभात आणि वर्षातून एकदाच कपाटाबाहेर पडणाऱ्या शालूंच्या डांबरगोळ्या, असे तीन वास माझ्या नाकासमोर एकत्र येतात. डोक्यावर अक्षता पडतात, पाठीवर थापा.

अशा वेळी मी आधी घड्याळ काढतो. सकाळपासून मनगटावर असलेला पट्टा एकाएकी चावायला लागतो. मग शर्टाच्या मानेमागची ती एवढीशी कापडी पट्टी, एक्सएल लिहिलेली, तिची शिलाई कुठून कुठपर्यंत गेली आहे ते मला न बघता सांगता येतं. त्यानंतर समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, शब्द काही पोचत नाहीत. आणि "जिलबी वाढू की गुलाबजाम?" या प्रश्नावर मी वाढप्याकडे असा बघतो, की तो घाबरून दोन्ही वाढून जातो.

माझी भाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लहान मुलांबरोबर काम करते, त्यामुळे माझ्याशीही नीट बोलते. "मामा, याला सेन्सरी ओव्हरलोड म्हणतात," ती म्हणाली. मेंदूत थॅलॅमस नावाचा भाग असतो. डोळे, कान, कातडी यांच्याकडून आलेला बहुतेक माल तिथूनच पुढे जातो. म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमनच तो. बिनमहत्त्वाच्यांना बाहेर थोपवायचं, कामाच्यांना आत सोडायचं. माझा वॉचमन कुणालाच नाही म्हणत नाही. पंखा, शिलाई, मावशी, सगळ्यांना सलाम करून वर पाठवतो. आणि वासांचं तर असं, की ते या फाटकावर येतच नाहीत, त्यांचा मेंदूत जायचा रस्ताच निराळा आहे.

हा काही स्वतंत्र रोग नव्हे, असंही तिने सांगितलं. ऑटिझम, एडीएचडी, अर्धशिशी असलेल्यांना हा त्रास पुष्कळदा होतो. झोप न झालेल्या धडधाकट माणसालाही होऊ शकतो. (लग्नाच्या आदल्या रात्री कोण झोपतं?) जीन एअर्स नावाच्या अमेरिकन बाईंनी इंद्रियांच्या या गोंधळावर १९७२ सालीच पुस्तक लिहिलं. म्हणजे स्नेहसंमेलनात बँड सुरू झाला की कान झाकतो म्हणून मी मास्तरांच्या छड्या खात होतो, त्या काळात तिकडे पुस्तक छापून तयार होतं.

बायकोला मात्र पुस्तक लागलं नाही. "तुम्ही घड्याळ काढलंत की मी ओळखते," ती म्हणते. ओळखते आणि उपयोगही करते. लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानात वर पांढरेशुभ्र दिवे, खाली पांढरीशुभ्र गादी, विक्रेता एकामागून एक घड्या उलगडतोय, बाहेर "दोनशेला दोन" असा पुकारा. पहिला तासभर ती स्वस्तातल्या साड्यांवर काढते. मी मनगट चाचपायला लागलो की खूण करून ती आतली पैठणी बाहेर काढायला सांगते. "ही घेऊ?" त्या क्षणी मी राहतं घरही विकायला हो म्हटलं असतं.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. आता दोन माणसं साधं बोलली तरी ६० च्या आसपास जातात. आमच्या आत्याने फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं तरी गुन्हा दाखल व्हायला हवा. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी एक सुंदर कल्पना लोकांसमोर आणली होती. सिग्नलला डेसिबल मोजायचं यंत्र जोडायचं. हॉर्नचा आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. हे कार्यालयात आणता येईल का, याचा मी बराच विचार केला. आवाज ८५ च्या वर गेला की मंगलाष्टका पुन्हा पहिल्यापासून. पण मग एकही लग्न लागणार नाही, आणि मंगलाष्टका संपणार नाहीत.

ब्रिटनमध्ये मॉरिसन्स नावाच्या सुपरमार्केटने २०१८ साली शनिवारी सकाळी नऊ ते दहा शांत तास सुरू केला. गाणी बंद, दिवे मंद, गल्ल्यावरच्या यंत्राची टिटी कमी. त्यांचं कौतुक झालं. पुण्यातले दुकानदार पिढ्यान्‌पिढ्या दुपारी एक ते चार हेच करत होते, तर उभा महाराष्ट्र त्यांना हसला. तिकडे त्या तासात गिऱ्हाइकालाही आत घेतात, एवढाच काय तो फरक.

उपाय केले. फोमचे बोळे कानात घालून एका मुंजीला गेलो. आत्याने ते पाहिले, "ऐकू कमी येतं का रे आता?" म्हणून हळहळली आणि संध्याकाळपर्यंत सगळं नातेवाईकमंडळ माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होतं. भाचीने वजनदार पांघरुणाचं सुचवलं, अंगावर दाब आला की पुष्कळांना बरं वाटतं म्हणे. किंमत ऐकून आम्ही माळ्यावरच्या आजीच्या गोधड्या एकावर एक घातल्या. ते मात्र लागू पडलं. पण गोधडी पांघरून लग्नाला जाता येत नाही.

खरा उपाय सापडला तो किल्लीत. दागिन्यांच्या पिशव्या, आहेराची पाकिटं, बायकांच्या पर्सा ठेवलेली एक खोली कार्यालयात असतेच, आणि तिथे बसायला कुणी तयार नसतं. मी तयार झालो. दार लावलं, ट्यूब बंद केली, घड्याळ उशाला. आपल्याकडे एकटं बसण्याला माफी नाही, पण एकट्याने राखण करण्याला मान आहे. "स्वतःची हौसमौज सोडून बसलाय बिचारा," असं म्हणत शिष्टमंडळ आता ताट घेऊन येतं. लहानपणी प्रत्येक लग्नात कोठीवर एक कडक काका बसायचे; लाडू मागायला गेलं की हाकलायचे, आणि लाडवांवर त्यांचं फार प्रेम आहे असं आम्हाला वाटायचं. आता मला त्यांच्याबद्दल दाट संशय आहे.

गेल्या मार्गशीर्षातल्या लग्नात खोली दोन्ही पक्षांत मिळून एकच होती. मी किल्ली घ्यायला गेलो तर वरपक्षाचे एक गृहस्थ आधीच व्यवस्थापकापाशी उभे. त्यांचं घड्याळ खिशात होतं, पट्ट्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

"मंगलाष्टकांना मी बसतो," ते म्हणाले, "जेवणांना तुम्ही."

"आणि वरातीला? डीजे आहे."

त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "जिन्याखाली मीटरची खोली आहे. सकाळीच बघून ठेवलीय. दोन खुर्च्या मावतात."