पाचशे एमएमचे मेदुवडे

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माणसाला सुरुवातीच्या काळात फोटोवर बाण काढावा लागतो. माझ्या १८-५५ लेन्सच्या फोटोत मुठा नदी, काठावरची बाभूळ, पलीकडची सोसायटी आणि सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या हे सगळं झकास यायचं. खंड्या कुठे बसलाय ते मात्र लाल बाणाने सांगावं लागे. असाच एक फोटो पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर कुणीतरी अदबीने विचारलं, "सर, बाण पक्ष्याकडे आहे की टाकीकडे?" टेलिफोटो लेन्सचा विषय आमच्या घरात शिरला तो या प्रश्नामुळे.

अट एकच होती, स्वस्तात बसली पाहिजे. स्वस्त म्हणजे किती, यावर मात्र एकमत होईना. माझा आकडा पंचवीस हजार होता, हिचा शून्य.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे तांत्रिक सल्लागार म्हणून त्याची नेमणूक आपोआप झाली. "मामा, एफ नंबर म्हणजे काय? फोकल लेंथ भागिले प्रकाश आत यायच्या तोंडाचा व्यास. आता सहाशेला चारने भागा." भागलं. दीडशे आले. म्हणजे ६०० एमएम एफ ४ लेन्सचं पुढचं भिंग निदान दीडशे मिलिमीटर रुंद हवं. एवढी मोठी काच निर्दोष घासायची म्हटल्यावर किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. तोच पल्ला एफ ६.३ वर भागवला की व्यास पंचाण्णवाच्या आसपास येतो, म्हणून सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्स लाखाच्या आगेमागे मिळतात. कॅननने तर २०२० साली ६०० आणि ८०० एमएमच्या एफ ११ लेन्स काढल्या. पल्ला घ्या, उजेड सोडा. स्वस्त टेलिफोटो म्हणजे एवढाच सौदा असतो. भाच्याने तो नीट समजावला, मी तो नीट ऐकला, आणि त्यातलं 'पल्ला घ्या' तेवढं लक्षात ठेवलं.

मध्येच त्याने निकॉनच्या पी१००० कॅमेऱ्याचं नाव काढलं. लेन्स बदलायची भानगड नाही, १२५ पट झूम, आणि पल्ला ३००० एमएमच्या तोडीचा. "चंद्रावरचे खड्डे दिसतात मामा!" मला चंद्र नको होता, आमच्या वडावरचा तांबट हवा होता. शिवाय त्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, त्यामुळे उजेड कमी झाला की फोटोत रवा पडतो, असंही त्यानेच सांगितलं. तो विषय तिथेच संपला.

मग पेठेतल्या एका जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात मला ती दिसली. ५०० एमएम, एफ ८, मिरर लेन्स. आत दोन आरसे असतात, प्रकाश पुढे-मागे उलटून येतो, त्यामुळे लेन्स आखूड आणि हलकी होते. किंमत माझ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवी?" पक्ष्यांसाठी, म्हणालो. "पक्षी बसून राहणार असेल तर न्या," एवढं बोलून तो पुन्हा पेपर वाचायला लागला. मला वाटलं, पुण्यात ही गिऱ्हाइकाला हाकलायची पद्धतच आहे. घासाघीस न करता पैसे दिले.

घरी येऊन लेन्स लावली, तर कॅमेरा तिला ओळखच दाखवेना. पडद्यावर एफपुढे नुसत्या दोन रेघा. लेन्समध्ये विजेचा एकही संपर्क नसल्यामुळे ऑटोफोकस नाही, आणि माझ्या कॅमेऱ्यावर उजेडाचं मोजमापही नाही. सगळं हाताने करायचं. फोकसची रिंग फिरवता फिरवता तांबट दिसायचा, मग पुसट व्हायचा, मग वड दिसायचा. तांबटाचं 'पुक पुक' मात्र अगदी स्पष्ट ऐकू येत होतं.

अशा तयारीनिशी मी भिगवणला गेलो. भिगवण म्हणायचं, जायचं कुंभारगावला. पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. उजनीचं पाणी ओसरून उथळ चिखल उघडा पडायला लागला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, तिथे उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब असतात, चित्रबलाक असतात. गावातले मच्छीमार होडीतून फिरवून आणतात, आणि पक्ष्यांची इंग्रजी नावं आपल्यापेक्षा बिनचूक सांगतात.

होडीत सोबतीला एक गृहस्थ होते. अंगावर, टोपीवर आणि लेन्सवर एकाच छापाचं जंगल. लेन्स अर्थातच ६०० एफ ४. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "मिरर? अजून मिळते?"

उजाडत होतं. जेवढा पल्ला तेवढं शटर वेगवान हवं. माझ्या कॅमेऱ्यावर ५०० एमएम ७५० सारखी वागते, म्हणून फोटो हलू द्यायचा नसेल तर एक भागिले साडेसातशे सेकंद. एफ ८ च्या तोंडातून एवढ्या वेळात पहाटेचा उजेड येतो किती? आयएसओ ६४०० वर नेला. त्यात होडी डुलत होती. नदीसुरय पाण्यात सूर मारून मासा घेऊन गेला, तोवर माझी रिंग त्याच्या सुरुवातीच्या जागेपर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

मग रोहित दिसले. माना खाली घालून चरत होते, जवळजवळ स्थिर. दुकानदाराची अट पुरी झाली होती! सूर्य वर आला, पाणी चमकायला लागलं, आणि मी कार्ड भरेपर्यंत शटर दाबलं.

घरी फोटो संगणकावर उघडले. मिरर लेन्सच्या मधोमध दुसरा आरसा बसवलेला असतो. त्याने मधला प्रकाश अडतो, त्यामुळे फोकसबाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका कडीसारखा गोल उमटतो, मध्ये भोक. पाण्यावर असे ठिपके हजारो होते. अख्खी फ्रेम मेदुवड्यांनी भरली होती, आणि त्यातून गुलाबी पाय असलेलं काहीतरी वाट काढत होतं. ही मागे येऊन उभी राहिली. "अहो, हे उडप्याकडे काढलेत का?"

त्या दिवशीचा उत्तम फोटो आमच्या नावाड्याने काढला. इंजिन बंद करून त्याने बांबूने होडी इतकी हळू पुढे सारली की पक्ष्यांनी मान वर केली नाही. एका जागी तो थांबला. "साहेब, ह्याच्या म्होरं न्हाई. उडत्याल." मग माझ्याच दुर्बिणीला मोबाइल टेकवून त्याने फोटो घेतला. चोचीचं काळं टोक स्पष्ट! मामला सरळ होता, अंतर निम्मं झालं की पक्षी फोटोत दुप्पट दिसतो, आणि ३०० ची ६०० होते ती फुकटात. ऊन तापल्यावर पाण्यावरची हवा थरथरायला लागली, तेव्हा दहा लाखांचे गृहस्थही लेन्स गुंडाळून मासळीच्या थाळीची चौकशी करू लागले.

मी आता जुनी ७०-३०० वापरतो. निकॉनच्या स्वस्त ७०-३०० दिसायला जुळ्या असतात, नावात व्हीआर ही अक्षरं आहेत ना ते वाचून घ्या. नसतील तर हात हलेल तसा फोटो हलेल. आणि आपल्या कॅमेऱ्यावर लावूनच बघा, काही जुन्या कॅमेऱ्यांवर ती फोकसच करत नाही. खिशात आणखी पैसे असतील तर २०१५ ची २००-५०० एफ ५.६ वापरलेली शोधा, फक्त ती सव्वादोन किलोंहून जड आहे, खांद्याला विचारून घ्या.

आणि हो, मिरर लेन्स विकणे आहे. कडेला बुरशीचा छोटा ठिपका आहे. तो फोटोत दिसत नाही, पक्षीही फारसा दिसत नाही. अडॅप्टर, दोन्ही झाकणं आणि सिलिका जेलच्या पुड्या फुकट. हवाबंद डबा मात्र परत हवा, तो स्वयंपाकघरातला आहे.