अलगद

सिम्युलेटरवर विमान उडवायला फारशी अक्कल लागत नाही. सेसना १७२ धावपट्टीच्या मधोमध ठेवायचं, थ्रॉटल पूर्ण उघडायचा, ५५ नॉटच्या आसपास जॉयस्टिक जराशी मागे ओढायची. पुढचं विमान बघून घेतं. वर गेल्यावर चहासुद्धा पिता येतो.

उतरायची कृतीही ऐकायला सोपी आहे. फ्लॅप्स खाली, वेग ६५ नॉट, उतार तीन अंशांचा. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीच्या कडेला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले की आपण बरोबर. चारही पांढरे म्हणजे फार उंच, चारही लाल म्हणजे देवाचं नाव घ्यायची वेळ. इथवर सगळी आकडेमोड, आणि ती करायला आपण शाळेपासून सरावलेले.

परीक्षा शेवटच्या पंधरा-वीस फुटांत. तिथे थ्रॉटल मिटायचा, नाक हळूहळू उचलायचं आणि विमानाला टेकू द्यायचं नाही. शिकवणारे हेच सांगतात! चाकं जमिनीच्या हातभर वर धरून ठेवा, वेग सरला की ते आपसूक बसेल. पण जमिनीलगत हवेचा विरोध कमी होतो. वेग थोडा जरी जास्त असला तरी विमान, निघतो निघतो म्हणत दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं, तरंगत राहतं. इकडे धावपट्टी संपत येते.

खऱ्या वैमानिकाला विमान खाली बसू लागल्याचं खुर्चीतून कळतं. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने १९२९ साली सराव-विमान बनवलं, तेव्हा त्याने वडिलांच्या कारखान्यातली ऑर्गनच्या भात्यांची विद्या वापरली. भाते फुगत-मिटत आणि ते खोकं डुलत असे. माझी खुर्ची फक्त करकरते. त्यामुळे सगळी मदार डोळ्यांवर. नजर नाकासमोरच्या डांबरावर नाही, धावपट्टीच्या पार पलीकडच्या टोकावर ठेवायची. हे जमलं की निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं बिघडवतो तो आकडा. टेकताना विमान मिनिटाला किती फुटांनी खाली येत होतं, हे सिम्युलेटरवर मोजता येतं. मग माणसं शंभराच्या आत उतरण्यासाठी रात्री जागवतात. हा खरं तर प्रवाशाचा हट्ट. पोटातलं पाणी हललं नाही की वैमानिक हुशार, असा आपला निकाल. जाणते वैमानिक आधी जागा आणि वेग बघतात. ओल्या धावपट्टीवर तर जेट विमान फार हळुवार टेकवणं बरं नव्हेच. चाकं पाण्याच्या थरावरून घसरत जातात आणि ब्रेक लागत नाहीत. तिथे ठाम टेकायचं.

हे कळल्यापासून मुंबईत ढग दाटले, की मी सिम्युलेटरमध्येही पाऊस लावतो आणि सांताक्रूझला बिनदिक्कत दणका देतो. स्पीकर चांगले आहेत.

"काय पडलं?" स्वयंपाकघरातून विचारणा होते.

"पडलं नाही, नियमाप्रमाणे उतरलंय."