वारा कुणाच्या सातबाऱ्यावर?

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात वारा भरपूर. तो कुठे वाहतोय हे ओळखण्यात इथल्या पुढाऱ्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यामुळे दोनेक दशकांपूर्वी पवनचक्कीवाले आले तेव्हा नवल एवढंच वाटलं, की वाऱ्याचा धंदा करायला बाहेरून माणसं का यावी लागली?

आज ब्राह्मणवेलपासून छडवेलपर्यंत डोंगरमाथ्यांवर पंखे फिरताहेत. ब्राह्मणवेलच्या प्रकल्पाची क्षमता 528 मेगावॅट सांगतात. शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौरप्रकल्प आहे. वारा आमचा, ऊन आमचं.

आणि कांद्याला पाणी द्यायला मध्यरात्री बॅटरी घेऊन निघालेला शेतकरीही आमचाच.

त्याची वीज पाळीने येते. या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. डोक्यावर पंखा गरगरतोय आणि खाली मोटार बंद. विचारलं तर साहेब समजावतात, वीज आधी ग्रीडमध्ये जाते, मग वाटली जाते. पटलं. ग्रीडला गाव नसतं. गावालाच तेवढं ग्रीड असतं, तेही पावसाळ्यात पहिल्या सरीपर्यंत.

आता जरा लांब जाऊ. मेक्सिकोच्या दक्षिणेला वाहाका नावाचं राज्य आहे. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक. तिथे तेहुआंतेपेकची संयोगभूमी आहे, दोन महासागरांमधली चिंचोळी पट्टी. वारा असा, की मालट्रक उलटतो. 1994 साली सरकारी वीज कंपनीने ला वेंता गावात सात पंखे उभे केले. नंतर ते शेकड्यांनी वाढले. राहणारे कोण? झापोटेक आणि इकूट्स आदिवासी. बांधणारे कोण? बऱ्याच ठिकाणी इबेरद्रोला, आक्सिओना अशा स्पॅनिश कंपन्या.

स्पेनवाले तिथे पहिल्यांदा आले नव्हते. 1529 साली राजाने एर्नान कोर्तेसला वाहाका खोऱ्याची जहागिरी दिली. बावीस गावं आणि तेवीस हजार रयत. तेहुआंतेपेकही त्यातच. तेव्हा सोनं हवं होतं. सोन्याचा तोटा असा, की ते संपतं.

वारा संपत नाही. गुंतवणूकदाराला आणखी काय पाहिजे?

आक्सिओनाने तिथे 250 मेगावॅटचा प्रकल्प उभारला. वीज कुणाला? सेमेक्स या सिमेंट कंपनीला. दुसऱ्या एका प्रकल्पाची वीज वॉलमार्टच्या दुकानांना. खालच्या गावांत मात्र विजेचं बिल परवडत नाही म्हणून लोक ते न भरण्याची चळवळ चालवतात. हिरवी वीज आहे, पण दुकानाच्या फ्रिजातली.

आपल्याकडे एवढं उघडं काही नसतं. आपल्याकडे आयकर असतो. मार्च 2012 पर्यंत पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी तिच्या किमतीच्या 80 टक्के घसारा दाखवता यायचा. दहा कोटींचा पंखा घ्या, आठ कोटी नफ्यातून वजा करा. पंखा किती फिरला, याची चौकशी कोण करतो? वर क्योटो कराराखाली कार्बन क्रेडिट विकायची सोय होतीच. युरोपातल्या कारखान्याच्या धुराचं पाप खानदेशच्या वाऱ्याने धुतलं. गंगेचाही भार कमी झाला असणार.

साक्रीतल्या आदिवासीला यातलं काय मिळालं? रखवालदाराची नोकरी. तीही काहींनाच. बाकीचे दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकून गुजरातेत ऊसतोडीला. घरचा पांझरा-कान कारखाना बंद पडून वर्षं लोटली. ऊस तोडायचाच असेल तर सीमा ओलांडा.

'पण कायदा आहे ना?' आहे की. उत्तम आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला अशी सहज घेता येत नाही. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, सरकारची मान्यता लागते. 1974 साली आपण फार विचार करून हे कलम घातलं. कंपन्यांनीही फार विचार केला. डोंगरमाथा आदिवासीच्या नावावर असतोच कुठे? तो वनखात्याचा. म्हणजे एकाच खिडकीवर काम.

आणि तिथे गंमत सुरू होते. त्याच माथ्यावर नागली-वरई पेरणाऱ्याला 2006 चा वनहक्क कायदा सांगतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून तू इथे कसत होतास, हे सिद्ध कर. दंडाच्या पावत्या आण, म्हाताऱ्यांचे जबाब आण, नकाशा आण. दावा अपुरा निघाला तर पुन्हा आण. त्याच सुमाराला कंपनीने काय आणायचं होतं?

प्रस्ताव.

सत्यशोधक संघटनेच्या लोकांनी यावर रान उठवलं. मोर्चे, ठिय्ये, अटका, सगळं झालं. डिसेंबर 2023 मध्येही नंदुरबारहून त्यांचा बिऱ्हाड मोर्चा पायी मुंबईकडे निघाला होता. मागण्यांमध्ये पुन्हा वनहक्क. सरकारी फायलीपेक्षा माणसं जलद चालतात, हे त्यातून निदान सिद्ध झालं.

वाहाकात आणखी एक तक्रार होती. करार स्पॅनिशमध्ये आणि सही करणारा झापोटेक बोलणारा. काय लिहिलंय ते कळलं नाही, कळलं तेव्हा तीस वर्षं बांधली गेली होती. वाचून आपण हळहळतो. परदेशी भाषेत करार करून गरिबाला फसवतात, छे छे!

साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात घराघरांत कोकणा, भिली, मावची बोलतात. स्टॅम्पपेपर कुठल्या भाषेत असतो हो?

तीच. आपण जिला अभिजात दर्जा मिळाल्याचे पेढे वाटले.

पवनचक्की आणि स्पॅनिश म्हटलं की सुशिक्षित माणसाला डॉन किहोते आठवतोच. 1605 पासून जग त्याला हसतंय, कारण त्याला पवनचक्क्यांच्या जागी राक्षस दिसले. बरं, मान्य. पण नसलेलं दिसणं एवढंच वेड असतं काय? आपल्या मोजणी खात्याला असलेली माणसं दिसत नाहीत. उतारावर पोटखराबा, नकाशावर पडीक, अहवालात 'वस्ती नाही'. किहोतेला निदान भाला घेऊन धावावं लागलं. इथे शिक्का पुरतो.

आता आपल्या बाजूच्या लोकांना टोचू. डोंगर वाचवा, पक्षी वाचवा, असं धुळ्याच्या एसी हॉलमध्ये सांगणारे आपलेच मित्र असतात. त्यांनी एक सिनेमा पाहावा. 2022 साली 'आस बेस्तास' नावाचा स्पॅनिश चित्रपट आला, त्याने स्पेनमधले मोठे पुरस्कार पटकावले. गालिसियातल्या मरत चाललेल्या खेड्यात पवनचक्कीवाले येतात. शहरातून येऊन शेती करणारं सुशिक्षित फ्रेंच जोडपं विरोध करतं. गावातल्या दोघा भावांना मात्र पैसे हवेत, कारण उभा जन्म शेणात गेलाय. पडद्यावर तेच खलनायक. पण कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला विचारा, त्यांचं म्हणणं त्याला आधी कळेल.

साक्रीतही पंख्याला जमीन देऊन पोरीचं लग्न उरकलेले आहेत. त्यांना शिव्या कोण देणार? बाजारात कांदा दोन रुपये किलो झाल्यावर डोंगराचं सौंदर्य पाहायला वेळ कुणाला असतो? प्रश्न त्याने जमीन का दिली हा नाहीच. दुसरं काही विकायला त्याच्याकडे का उरलं नाही, हा आहे. पण यावर चर्चासत्र भरत नाही. प्रायोजक मिळत नाही.

मेक्सिकोने 1917 च्या राज्यघटनेत गावकीच्या जमिनीला संरक्षण दिलं. 1992 साली ते सैल केलं. म्हणाले, शेतकऱ्याला स्वातंत्र्य हवं. त्याच्या दोनच वर्षांनी ला वेंतात पंखे उभे राहिले. योगायोग असेल.

सप्टेंबर 2025 मध्ये आपले महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जाहीर केलं, की आदिवासींना आपली जमीन खासगी माणसाला थेट भाड्याने देता यावी असा कायदा करू. कारण? शेतकऱ्याला स्वातंत्र्य हवं. जगभरच्या राज्यकर्त्यांना गरिबाच्या स्वातंत्र्याची आठवण नेमकी जमिनीच्याच वेळी का येते? ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेताना, मुलाला आश्रमशाळेत घालताना, दवाखान्यात डॉक्टर नसताना कुणाला आठवत नाही.

साक्री मतदारसंघ अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. विधानसभेत जागा राखीव, डोंगरावर मात्र खुला प्रवर्ग.

तिकडे वाहाकातल्या लोकांनी तरी काय केलं? सान दिओनिसिओ देल मार या गावच्या इकूट्स कोळ्यांनी वाळूच्या दांड्यावर होऊ घातलेला 396 मेगावॅटचा प्रकल्प 2012-13 मध्ये अडवला. रस्ते अडवले, कोर्टातून स्थगिती आणली. प्रकल्प गेला. गेला म्हणजे शेजारी हुचितानला गेला. मेगावॅट तेवढेच. गरीब दुसरे.

उनिओन इदाल्गो गावची गोष्ट त्याहून नामी. तिथल्या झापोटेकांना ईडीएफ या फ्रेंच कंपनीने पवनप्रकल्पाआधी नीट विचारलं नाही. त्यांनी 2020 साली तिला थेट पॅरिसच्या कोर्टात खेचलं. फ्रान्समध्ये एक कायदा आहे, कंपनीने परदेशातही माणुसकीने वागावं असा. 2022 मध्ये मेक्सिकोच्या सरकारी वीज कंपनीने त्या प्रकल्पाचा करारच रद्द केला.

'वारा आम्हना, नी वीज तुम्हनी?' असं अहिराणीत विचारायला साक्रीकराने पॅरिस गाठायचं म्हटलं तर आधी पासपोर्ट हवा. पासपोर्टला रहिवासी दाखला हवा. नकाशात 'वस्ती नाही' म्हटलेल्या जागेचा दाखला ग्रामसेवक कसा देणार? त्यापेक्षा धुळ्याला अपील बरं. तिथे तारीख मिळते.

साहेब दौऱ्यावर असल्याने, पुढची.