धक्क्याचे पंच

गोंदियाजवळच्या मुर्रीत दोघांची जुंपली की पोलीस पाटलाच्या आधी पंचभाऊ पोचतात. प्रकरण लाठ्याकाठ्यांवर आलेलं असेल तर लांबूनच परत फिरतात, कारण त्यांचा विषय एकच: धक्का. तो लागला की मारला, एवढाच निवाडा ते करतात. तो कोणी मागितलेला नसतो.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार किंवा नाटक रंगतं, आणि कुठे कुठे कबड्डीचे सामनेही होतात. तरुणपणी आपण मोठे कबड्डीपटू होतो, असं पंचभाऊ सांगतात. त्यांच्या वयाचे लोक या विषयावर बोलत नाहीत. आता ते रेषेबाहेर उभे राहतात आणि खऱ्या पंचाची शिट्टी ओठाला लागायच्या आत निकाल देऊन मोकळे होतात. चढाईवाल्याचं तोंड दाबलं, पायाची कात्री घातली, हे सगळे गुन्हे त्यांना तोंडपाठ. पण कबड्डीवर त्यांचं समाधान नाही. "तिथं पकडाचंच असते जी. धरलं तर धरलं. त्यात डोकं कुठं लागते?"

डोकं लागेल असा खेळ त्यांना पुतण्याच्या मोबाईलवर सापडला. २०२५ मध्ये अल ऐनला झालेल्या आशिया चषकात भारताच्या मुलींनी आईस हॉकीचं कांस्यपदक मिळवलं. संघात बहुतेक मुली लडाखच्या. मुर्रीत बर्फ दिसतो तो मासळीच्या खोक्यात नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. पण पंचभाऊंना बर्फाशी देणंघेणं नव्हतं. बायकांच्या या खेळात अंगाला अंग लागलेलं चालतं, अंगावर जाऊन आदळलेलं चालत नाही, हे कळलं आणि त्यांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. "मी तीस वर्षांपासून दुसरं काय सांगून राहिलो?"

तेव्हापासून सगळा इतिहास त्यांच्या जिभेवर आहे. १९९० साली ओटावात बायकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा आदळायला मुभा होती, ती पुढे काढून घेतली. अमेरिकेने २०११ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या पोरांच्या सामन्यांतही ते बंद केलं. स्वीडनच्या महिला लीगने मात्र २०२२ च्या हंगामापासून पुन्हा परवानगी दिली, हे ऐकलं त्या रात्री पंचभाऊ एक भाकर कमी जेवले. स्वीडनचं कोणी भेटलं तर ते त्याला चार शब्द सुनावणार आहेत.

त्यांची परीक्षा सोपी आहे, आणि खरं सांगायचं तर चोख आहे. पहिला प्रश्न: नजर कुठे होती? दोघंही रबराच्या चकतीमागे धावत असतील आणि खांद्याला खांदा घासला, तर खेळ चालू. नजर माणसावर असेल, चकती निमित्ताला असेल, तर शिट्टी. दुसरा प्रश्न: पाय कुठून आले? सोबत धावत, वाट अरुंद करत समोरच्याला मैदानाच्या कडेच्या फळीकडे नेलं तर ते कसब. आडवं घुसून त्याला उडवलं, किंवा फळीशी गाठून वर आणखी रेटा दिला, तर तो गुन्हा. समोरचा पडला की नाही, याला महत्त्व नाही. नुसता लागूनही माणूस पडतो, आणि मारूनही एखादा उभा राहतो.

ही परीक्षा ते बर्फावर ठेवते तर कोणाची तक्रार नव्हती. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात बुफेच्या टेबलापाशी जावईबापूंचा कोपर मावशींच्या ताटाला लागला आणि पाकासकट गुलाबजाम शालूवर उतरला. जावईबापू म्हणाले, "मी नाही ढकललो जी, लागला." मावशींनी तोंड उघडायच्या आत पंचभाऊ मध्ये पडले. त्यांनी जावयाला जागेवर उभं केलं, मावशींना उभं केलं, हातात पुन्हा ताटं दिली आणि सगळा प्रसंग सावकाश करून पाहिला. निकाल असा: जावयाची नजर गुलाबजामावर होती, इथवर ठीक; पण पाय मठ्ठ्याच्या बाजूने आडवे आले. दोन मिनिटं बाहेर! बर्फावर असल्या गुन्ह्याला हीच शिक्षा असते. जावईबापूंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. ते आनंदाने बसले, कारण मांडवात तेवढी एकच खुर्ची पंख्यासमोर होती. सासरेबुवा मात्र अजून पंचभाऊंशी बोलत नाहीत.

याच खेळातलं एक कलम त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं आहे. जो आपली जागा धरून उभा आहे, त्याने दुसऱ्यासाठी बाजूला व्हायलाच पाहिजे अशी सक्ती नाही. पंचभाऊंचा देह बघता हे कलम जनतेला फार महाग पडतं. रेशन दुकानाच्या उंबऱ्यात ते जागा धरतात. बँकेच्या खिडकीशी धरतात. गोंदियाहून सुटणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात तर ते बरोबर दारात जागा धरतात, आणि मागचे पन्नास जण फलाटावरून त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करतात.

एकदा मागून एक म्हातारी आली. डोक्यावर बोचकं, कमरेला पिशवी. "सरक गा बाप्पा," ती म्हणाली. पंचभाऊंनी तिला कलम सांगायला सुरुवात केली. कलम अर्ध्यात असतानाच तिने त्यांच्या बरगडीत कोपर रोवला, पंचभाऊ कडीला लटकले आणि म्हातारी आत जाऊन खिडकीशी बसली. फलाट हसला. पंचभाऊंनी श्वास घेतला, सदरा सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा निकाल दिला: "नजर सीटवर होती. पाय सरळ आले. नुसता लागला. खेळ चालू!"

स्वतःच्या बरगडीचा निकाल स्वतःच्या विरोधात देणारा पंच साऱ्या जिल्ह्यात दुसरा नसेल. म्हणून सांगतो, तुमच्या गल्लीत असा कोणी असेल तर त्याला जपा, त्याचा निकाल माना. फक्त गाडीत चढताना त्याच्या आधी चढा.