मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर मोजण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या, लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आणि निघण्याआधी अख्ख्या सोसायटीला प्रवास समजावून सांगणाऱ्या गृहस्थांसाठी आहे. आमच्या माहितीत असे एकच गृहस्थ आहेत, ते नाना. ते माझे सासरे असल्यामुळे भाषा जपून वापरली आहे.

साहित्य: पृथ्वीगोल, दोरा, तिकीट आणि एक श्रोता. श्रोत्याला चहा शेवटी द्यावा, आधी दिल्यास तो पिऊन निघून जातो.

नियम पहिला. भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावू नये. तिथली सरळ रेघ अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते, आणि ती लांबची वाट आहे. गोलावर दोरा ताणावा. तो मुंबईहून चक्क उत्तरेकडे सुटतो, सिंध, अफगाणिस्तान करत मॉस्कोच्या जवळून आइसलँडवर चढतो आणि मग खाली उतरतो. तोच दोरा विषुववृत्ताशी ताडून पाहावा. विषुववृत्त सुमारे ४०,००० किलोमीटर, दोरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याला थोडा कमी, म्हणजे साधारण १२,५००. हे नानांनी मला करून दाखवलं तेव्हा मी खरोखर थक्क झालो होतो. अर्थात, तसं दाखवलं नाही.

नियम दुसरा. विमान दोऱ्यावरून जाईलच असं समजू नये. अमेरिकी विमानांना रशियाचं आकाश २०२२ मध्ये बंद झालं आणि भारतीय विमानांना पाकिस्तानचं एप्रिल २०२५ मध्ये. वळसा पडला की तास वाढतात. यावर नाना परराष्ट्र धोरणाकडे वळतात. तिथे श्रोत्याने उठावं.

नियम तिसरा, आणि सगळा घोळ इथेच आहे: तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी करू नये. उन्हाळ्यात मुंबईहून रात्री दीडला सुटलेलं विमान पंधरा तासांनी न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सातला उतरतं. वजाबाकी साडेपाच तास. नानांनी हा आकडा लिफ्टमध्ये जाहीर केला आणि तळमजल्यावरच्या काकूंनी लाडवांचा डबा पाठवून दिला, एवढ्याशा प्रवासात काय बिघडतील म्हणून. घड्याळातला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि तो साडेदहा होतो. परतीची वजाबाकी तर जवळजवळ पूर्ण दिवसाची निघते. प्रत्यक्षात येताना वेळ कमी लागतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे पाठीशी असतात.

नियम चौथा. पुण्याहून मुंबई विमानतळ हे अंतर कुठल्याही दोऱ्याने मोजता येत नाही. घाटात काय होईल ते घाटच जाणे. दुपारीच निघावं.

नियम पाचवा. सासूबाईंना कडेची जागा द्यावी. त्यांचे गुडघे आखडतात, अधूनमधून उठून चार पावलं टाकता आली पाहिजेत. नानांना खिडकी द्यावी. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात विमान कुठे आलं ते त्यांनी मनातल्या मनात पाहावं. कॅस्पियन समुद्र आला म्हणून कोणालाही झोपेतून उठवू नये. विशेषतः ज्यांनी त्या समुद्राची कधी चौकशीही केलेली नाही, त्यांना.