सोफ्याला आलेलं स्थळ

नेरुळच्या दोन खोल्यांत मावेना, म्हणून जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. पाचव्या मिनिटाला स्थळ आलं. मुलगा लष्करात, पोस्टिंग सीमेवर, न बघताच पसंत! घासाघीससुद्धा नाही. मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी भांडणाऱ्या आमच्या हिला तिथेच शंका आली. मग क्यूआर कोड आला. म्हणे, स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. अहो, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. आमचा कोपऱ्यावरचा वडापाववालाही हे जाणतो. ‘आधी सोफा न्या’ म्हटल्यावर जवान जो गायब झाला तो झालाच. सोफा अजून उजवायचा आहे; सध्या त्यावर कपडे वाळतात. तुमचे पैसे गेलेच असतील, तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा.