ज्याची तक्रार, त्याचाच अहवाल

मूर्तिजापूर तालुक्यात एखादं शेततळं कागदावरच खोदलं जातं, बिल निघतं आणि गावातला कुणीतरी चिडून थेट अमरावतीला विभागाच्या कार्यालयात अर्ज देतो. तिथून तो अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ अकोल्याला निघतो, म्हणजे मूर्तिजापूरवरूनच जातो; पण मध्ये उतरत नाही, शिस्त आहे. अकोल्यात आवक पडते, जावक पडते, आणि उलट पावली मूर्तिजापुरात येऊन अर्ज ज्या टेबलावर पडतो ते नेमकं त्याच साहेबांचं, ज्यांच्याविरुद्ध तो केला होता. सोबत आदेश: स्थळपाहणी करून स्वयंस्पष्ट अहवाल सादर करावा. साहेब स्वतःची निःपक्ष चौकशी करतात, स्वतःचाच जबाब ग्राह्य धरतात आणि ‘तक्रारीत तथ्य आढळून आले नाही, सबब निकाली’ असं लिहून कागद पुन्हा अकोलामार्गे अमरावतीला धाडतात. म्हणजे तो मूर्तिजापूरवरून आणखी एकदा जातो. तळ्यापेक्षा अर्जालाच जास्त डिझेल लागलं. पण खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणी खारट, तिथं पावसाचं गोडं पाणी साठवायचा खड्डा गिळणं ही चोरी आहे आणि ती तपासायला चोरालाच धाडणं हा शुद्ध निलाजरेपणा आहे.

चौकशी बाहेरच्याकडे द्या म्हटलं, की त्याला खात्यातलं काय कळतं, असं म्हणतात. कबूल. म्हणूनच अमेरिकेने 1978 मध्ये कायदा करून महानिरीक्षक खात्यातच बसवले, पण त्यांचे अहवाल संसदेपर्यंत जातील अशी तजवीज केली. महानिरीक्षकाला काढायचं तर संसदेला 30 दिवस आधी कळवावं, हे कलम 2008 मध्ये घातलं. तिथं सगळं आलबेल आहे असं नव्हे, पण निदान मोडायला नियम तरी आहे. आपल्या 1971 च्या लोकायुक्त कायद्यात शिफारस आहे, हुकूम नाही. 2018 पासून तर अधिकाऱ्याच्या सरकारी निर्णयाची भ्रष्टाचाराच्या कायद्याखाली चौकशी करायला पोलिसांना आधी सरकारचीच परवानगी लागते. मग कोर्ट आहे ना? आहे, नागपूरला. पण खंडपीठ टेप घेऊन खड्डा मोजायला येत नाही. ते शपथपत्र मागतं, आणि त्याची परिच्छेदवार उत्तरं पुन्हा त्याच टेबलावर लिहिली जातात!

दुसऱ्या तालुक्याच्या माणसाने तक्रारदारासमोर खड्डा मोजावा, एवढा एक नियम पुरे. याला ना आयोग लागतो, ना निधी. तोवर अर्जदारांनो, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.